तिसरा पाद : दवाखान्यातील सहायकाच्या प्रशिक्षणाविषयी एक संवाद

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत, ते म्हणजे वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण. आणि या प्रत्येक पादाला चार-चार गुण जोडून अशा सोळा गुणांनी युक्त असलेली चिकित्सा फलदायी होते, असे प्रतिपादन तेथे केले आहे. परिचारकाच्या वाट्याला आलेले चार गुण असे : उपचारज्ञता, म्हणजे शुश्रूषेच्या कृतींची माहिती, दाक्ष्य, म्हणजे हातातील कौशल्य आणि तत्परता, भर्त्याविषयी अनुराग, आणि शौच, म्हणजे शुचिता. पहिल्या पादाच्या शिक्षणाची व्यवस्था लावण्यात नंतरच्या काळाने पुष्कळ शक्ती खर्च केली, दुसऱ्यासाठी औषधनिर्माणशास्त्र उभे राहिले, आणि चौथा पाद तर आपल्या पायांनी दवाखान्यात येतोच. राहिला तिसरा. त्याला कोणी, किती दिवस आणि काय शिकवायचे, हा प्रश्न मोठ्या रुग्णालयांतील परिचारिकांपुरता बराचसा सुटला आहे; पण गल्लीतल्या किंवा तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्या, वजन करणाऱ्या, बीपी मोजणाऱ्या, ड्रेसिंगला हात लावणाऱ्या आणि गर्दी वाढली की इंजेक्शनही देऊन टाकणाऱ्या माणसापुरते हे घोंगडे अजून भिजत पडले आहे.

या माणसाला नाव कोणते द्यावे, येथूनच गोंधळाला सुरुवात होते. अमेरिकेत ‘मेडिकल असिस्टंट’ ही एका स्वतंत्र व्यवसायाची संज्ञा आहे. त्या व्यावसायिकांची संघटना १९५६ मध्ये स्थापन झाली, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात वर्गातील शिक्षणाबरोबर दवाखान्यात किमान १६० तास प्रत्यक्ष काम करावे लागते, आणि संघटनेचे प्रमाणपत्र दर ५ वर्षांनी नव्याने सिद्ध करावे लागते. ‘फिजिशियन असिस्टंट’ हा त्याहून वेगळा आणि बराच वरच्या पायरीवरचा व्यवसाय असून त्याचे शिक्षण ड्यूक विद्यापीठात १९६५ मध्ये, नौदलातून परतलेल्या वैद्यकीय मदतनिसांना घेऊन सुरू झाले, तर भारतात ते १९९२ मध्ये मद्रास मेडिकल मिशनने आणले. रुग्ण तपासणे आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली उपचारांत भाग घेणे हे त्याचे काम असते. महाराष्ट्रातील दवाखान्यात यांपैकी कोणतेच नाव हाकेला येत नाही. तेथे ‘कंपाउंडर’ असतो, ‘मावशी’ आणि ‘मामा’ असतात, आणि पांढरा कोट घातलेल्या कोणत्याही मुलीला रुग्ण ‘सिस्टर’ म्हणतात, मग तिने परिचर्येचे शिक्षण घेतलेले असो वा नसो. शासनाच्या कौशल्यविकासाच्या चौकटीत या कामाच्या सर्वांत जवळची भूमिका ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ या नावाने आहे. पुढील विवेचनात या सर्वांसाठी ‘सहायक’ हा एकच शब्द वापरला आहे.

शास्त्रग्रंथांच्या जुन्या रीतीप्रमाणे येथे दोन पक्ष कल्पिले आहेत. पूर्वपक्ष मांडणारे डॉक्टर तालुक्याच्या गावी चाळीस वर्षे व्यवसाय केलेले जनरल प्रॅक्टिशनर आहेत, आणि सहायक दवाखान्यातच घडतो असे त्यांचे मत आहे. उत्तरपक्ष मांडणाऱ्या बाईंनी परिचर्या विद्यालयात मुलींच्या कित्येक तुकड्या शिकवल्या आहेत, आणि शिकवल्याविना रुग्णाला हात लावू देऊ नये असे त्या मानतात. जुन्या रीतीत उत्तरपक्ष शेवटी जिंकतो. येथे तसे होईलच असे नाही.

डॉक्टर : बाई, ‘कंपाउंडर’ या शब्दाकडे आज हेटाळणीने पाहतात, पण त्या एका शब्दात सबंध प्रशिक्षण सामावलेले होते. डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिलेली द्रव्ये मापून त्यांचे मिश्रण करणारा तो कंपाउंडर. काचेच्या बाटलीत मिक्श्चर भरायचे, किती घ्यायचे ते कळावे म्हणून कातरीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी बाटलीच्या अंगाला खळीने चिकटवायची, गोळ्या खलात कुटून सारख्या वजनाच्या पुड्या बांधायच्या, या प्रत्येक कामात चूक लगेच दिसत असे आणि लगेच दुरुस्त होत असे, कारण शिकवणारा तीन हातांवर बसलेला असे. सातवी-आठवी झालेला मुलगा आधी झाडलोट करी, मग बाटल्या धुई, मग चिठ्ठी वाचायला शिके, आणि पाच-सहा वर्षांनी दारातून आत येणाऱ्याच्या चालीवरूनच त्याला आधी आत सोडायचे की बाकावर बसवायचे हे ओळखू लागे. कायद्यानेही ही शाळा एकदा मान्य केली होती : १९४८च्या फार्मसी कायद्याने पहिल्या नोंदवहीसाठी जी पात्रता ठरवली, तिच्यात रुग्णालयात किंवा दवाखान्यात किमान ५ वर्षे औषधे तयार करण्याचे काम केलेल्या माणसालाही जागा होती.

बाई : ती जागा एकदाच उघडली आणि मग बंद झाली, डॉक्टर, आणि ती का बंद झाली याचा विचार व्हायला हवा. त्याच कायद्याच्या ४२व्या कलमाने डॉक्टरच्या चिठ्ठीवरून औषध तयार करून देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टपुरते राखून ठेवले, आणि डॉक्टरने स्वतःच्या रुग्णांना औषध देण्यापुरता अपवाद केला. अपवादाचे शब्द डॉक्टरविषयी आहेत. कंपाउंडर मात्र पुढची कित्येक दशके त्या अपवादाच्या सावलीत उभा राहिला. शिवाय तीन हातांवर बसलेला शिक्षक व्हिजिटला गेला की दवाखाना कोण चालवत असे, हेही सांगायला हवे. काचेची सिरिंज उकळून वापरण्याच्या काळात पाणी खळखळून उकळले पाहिजे की नुसते कढत झाले तरी चालते, याचा नियम मुलाने कोठे वाचलेला नसे. त्याने जे पाहिले तेच तो करी. गुरूची विद्या शिष्याकडे जाते तशी गुरूची खोडही जाते, आणि ती खोड आहे हे शिष्याला कधी कळतच नाही.

डॉक्टर : खोड कॉलेजातही लागते.

बाई : लागते, पण तेथे ती खोड म्हणून ओळखणारा दुसरा कोणीतरी असतो. याहूनही गंभीर गोष्ट अशी की दहा वर्षे शिकलेल्या हाताला आपली हद्द कोठे संपते हे कोणी सांगितलेले नसते. ताप आला की कोणते इंजेक्शन, जुलाब झाले की कोणती सलाईन, हे पाठ झालेला माणूस एके दिवशी दुसऱ्या गावी खोली घेतो आणि दारावर पाटी लावतो. वर्तमानपत्रे ज्यांना ‘बोगस डॉक्टर’ म्हणतात, त्यांच्यातील काही जण कालचे हुशार कंपाउंडर असतात.

डॉक्टरांना हे उत्तर झोंबले असावे, कारण त्यांनी त्यावर बचाव न मांडता मोर्चा प्रमाणपत्रांकडे वळवला.

डॉक्टर : पाटीचा विषय निघालाच आहे, तर ‘सहा महिन्यांत नर्सिंग’ अशा पाट्याही पाहाव्यात. दोन खोल्या, भिंतीवर सांगाड्याचे चित्र, रबराचा एक हात, आणि दहावी-बारावी झालेल्या वीस मुली. बापाने सोसायटीचे कर्ज काढून फी भरलेली. त्या रबराच्या हाताला शीर शोधून दमलेली मुलगी जेव्हा सत्तर वर्षांच्या आजीच्या सुरकुतलेल्या हातापुढे बसते, तेव्हा त्या हातातील शीर सुईच्या टोकाखालून सरकते, आजी ओरडते, आणि प्रमाणपत्र पर्समध्येच राहते. नंतर कळते की त्या कागदावर महाराष्ट्र परिचर्या परिषद नोंदणीही करत नाही.

बाई : त्या दुकानांची बाजू घेण्याचे कारणच नाही. मान्यताप्राप्त परिचर्येचा जिना अगदी स्पष्ट आहे : ‘एएनएम’ म्हणजे साहाय्यकारी परिचारिका व प्रसाविका हा २ वर्षांचा अभ्यासक्रम, ‘जीएनएम’ म्हणजे सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिशास्त्र हा ३ वर्षांचा, आणि त्यावर पदवी, यांव्यतिरिक्त जो कोणी ‘नर्सिंग’ हा शब्द पाटीवर लिहितो, तो मुलीच्या बापाची फसवणूक करतो. पण दवाखान्याला लागणारा सहायक या जिन्यावर नाहीच. जनरल ड्यूटी असिस्टंटचे प्रशिक्षण काही शे तासांचे असते आणि ते प्रामुख्याने रुग्णालयातील वॉर्ड डोळ्यांपुढे ठेवून रचलेले असते : अंथरूण बदलणे, रुग्णाला कूस पालटवणे, अंग पुसणे, बेडपॅन देणे. दुसरीकडे २०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्याने ‘संलग्न आरोग्य व्यावसायिक’ म्हणवून घेण्यासाठी २ ते ४ वर्षांत मिळून किमान २,००० तासांचे शिक्षण आवश्यक ठरवले. काही शे आणि दोन हजार यांच्यामध्ये जी दरी आहे, त्या दरीत गावोगावच्या दवाखान्यांतील मुली उभ्या आहेत.

येथे एक गोष्ट नोंदवणे अगत्याचे आहे. तासांचा हिशेब प्रशासनाला सोयीचा असतो आणि म्हणून तो कायद्यात येतो, पण संकटाच्या काळात तोच हिशेब किती लवचीक होतो हे करोनाच्या साथीत दिसले. जून २०२१ मध्ये केंद्र शासनाने २६ राज्यांतील १११ केंद्रांवर १ लाखाहून अधिक जणांना थोडक्या अवधीत तयार करण्याचा कार्यक्रम सुरू केला आणि त्यासाठी सहा भूमिका ठरवल्या. घरी रुग्णसेवा, प्राथमिक सेवा, प्रगत सेवा, आपत्कालीन सेवा, नमुने गोळा करणे आणि वैद्यकीय उपकरणे हाताळणे अशी ती विभागणी होती. जे काम एरवी वर्षांच्या मापाने मोजले जाते, त्याचे तुकडे पाडून ते महिन्यांत शिकवता येते असे शासनाने स्वतःच मान्य केले, असा त्याचा एक अर्थ डॉक्टरांच्या पक्षाला काढता येईल. कामाचे तुकडे काळजीपूर्वक पाडले तरच ते शक्य झाले, असा दुसरा अर्थ बाईंच्या पक्षाला काढता येईल. दोन्ही अर्थ खरे आहेत.

डॉक्टर : मग बाई, तुकडे पाडूनच बोलावे. बीपी मोजणे हे एकच काम घ्यावे. पट्टा बांधायचा, हवा भरायची, सोडायची, आकडा लिहायचा. आता तर बटण दाबले की यंत्र स्वतःच आकडा दाखवते. याला अभ्यासक्रम कशाला हवा?

बाई : ज्या दवाखान्यात अभ्यासक्रम नको म्हणतात, तेथील रजिस्टर उघडून पाहावे. एकाखाली एक १२०/८०, १३०/८०, १४०/९० असे आकडे दिसतील. १२७ किंवा १३३ असा आकडा शोधून सापडणार नाही, जणू गावातील सर्वांच्या रक्ताने शून्यावर थांबायचे ठरवले आहे. पाऱ्याच्या किंवा काट्याच्या उपकरणावर २-२ मिलिमीटरच्या रेषा असतात, त्यामुळे आकडा सम यायला हवा हे खरे, पण तो प्रत्येक वेळी दहाच्या पटीत येण्याचे कारण रक्तदाबात नसून लिहिणाऱ्याच्या हातात असते. रुग्ण जिना चढून, धापा टाकत आलेला असतो, आणि त्याला लगेच स्टुलावर बसवून दंडाला पट्टा बांधतात. त्याने ५ मिनिटे शांत बसायला हवे, पाठ टेकलेली हवी, पावले जमिनीवर सपाट हवीत, हात हृदयाच्या पातळीवर कशावर तरी विसावलेला हवा, अर्ध्या तासात त्याने चहा किंवा तंबाखू घेतलेली नसावी, आणि मोजणी चालू असताना ‘घरचे सगळे बरे ना’ असे कोणी विचारू नये, कारण बोलण्यानेही दाब वाढतो. मनगटाची नाडी बोटाखाली ठेवून आधी हवा भरायची, नाडी कोठे नाहीशी होते ते पाहायचे, मग स्टेथोस्कोप लावून त्याच्या थोडे वरपर्यंत भरायची आणि सेकंदाला २ मिलिमीटर अशा संथ गतीने सोडायची. कारण काही रुग्णांत आवाज मध्येच थांबतो आणि खाली पुन्हा सुरू होतो, आणि नाडी न पाहणारा त्या खालच्या आवाजालाच वरचा दाब समजून बसतो. हे आवाज रशियन शल्यचिकित्सक निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये वर्णन केले, आणि त्यांचे नाव मुलीला ठाऊक नसले तरी चालेल. पण ही पायरी ठाऊक नसली तर नाही चालणार. दाब मोजायला शिकवणे हे दोन तासांचे काम आहे, हे मान्य. मात्र ते दोन तास कोणीतरी द्यायला हवेत, आणि गर्दीच्या वेळी डॉक्टर ते देत नाहीत.

डॉक्टर : दिले जात नाहीत, हे खरे.

बाई : रक्ताच्या नमुन्याचेही तसेच. दवाखान्यात रक्त घेऊन ते प्रयोगशाळेत पाठवायचे असते, तेव्हा कोणत्या रंगाच्या टोपणाची नळी आधी भरायची याचा क्रम ठरलेला आहे. रक्त गोठण्याच्या तपासणीची निळी आधी, साधी लाल नंतर, जांभळी त्यानंतर, साखरेची करडी शेवटी. जांभळ्या नळीत ईडीटीए नावाचे रक्त गोठू न देणारे द्रव्य असते आणि ते पोटॅशियमच्या क्षाररूपात असते. म्हणून त्याचा थेंबभर अंश चुकून लाल नळीत गेला, तर अहवालात पोटॅशियम खोटे वाढलेले आणि कॅल्शियम खोटे घटलेले दिसते, आणि डॉक्टर निरोगी माणसाच्या हृदयाची काळजी करत बसतात. ज्या मुलीला हे कारण सांगितलेले नाही, ती क्रम पाठ करते आणि घाईत विसरते. जिला कारण सांगितले आहे, तिला क्रम पाठ करावा लागत नाही.

डॉक्टरांनी येथे बराच वेळ उत्तर दिले नाही, असे लिहिणे संवादाच्या रीतीला धरून होईल, पण वस्तुस्थितीला धरून होणार नाही. कारण त्यांच्यापाशी या सर्वाला पुरून उरेल असा एक मुद्दा होता, आणि तो आजवर कोणत्याही अभ्यासक्रमाने नीट हाताळलेला नाही.

डॉक्टर : बाई, नळ्यांचा क्रम पुस्तकात सापडेल, पण दारात उभा असलेला माणूस पुस्तकाच्या भाषेत बोलत नाही. तो म्हणतो, ‘गॅस धरलाय’. ‘छातीत भरून आलंय’ म्हणतो, ‘ॲसिडिटी वर चढलीये’ म्हणतो, ‘पाठीत उसण भरलीये’ म्हणतो. यांतील नव्वद जणांना खरोखरच अपचन असते, आणि एखाद्याच्या हृदयाची रक्तवाहिनी बंद होत असते. तो एखादा दरदरून घामेजलेला असतो, चेहरा पिठासारखा झालेला असतो, आणि तरीही ‘नंबराने जाऊ, घाई नाही’ असेच म्हणतो, कारण गावातला माणूस रांग मोडायला लाजतो. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी पोहोचल्यापासून १० मिनिटांच्या आत काढावा असे शास्त्र सांगते. ती १० मिनिटे बाहेरच्या बाकावर जातात की नाही, हे ठरवणारा माणूस डॉक्टर नसतो, बाहेर नंबर लावणारा असतो. ‘अंगात कसकस आहे’ आणि ‘अंगात कणकण आहे’ यांत फरक काय, ‘डोकं जड झालंय’ आणि ‘गरगरतंय’ यांत फरक काय, मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी आलेली बाई ‘जीव घाबरा होतोय, हाताला कंप सुटलाय’ म्हणते तेव्हा तिला आधी साखर द्यायची असते आणि नाव नंतर विचारायचे असते, हे जुन्या कंपाउंडरला कळत होते. अभ्यासक्रमातून आलेली मुलगी ‘हायपोग्लायसेमिया’ या शब्दाची व्याख्या लिहून दाखवते आणि समोरच्या बाईला म्हणते, ‘बसा, बारावा नंबर आहे’.

बाई : हा दोष अभ्यासक्रमाचा आहे, यात वाद नाही. पाठ्यपुस्तके इंग्रजीतून आली आणि लक्षणांची नावेही इंग्रजीतूनच शिकवली गेली. रुग्ण मराठीत दुखणे सांगतो, अहिराणीत सांगतो, मालवणीत सांगतो, हे पुस्तक रचणाऱ्यांनी गृहीतच धरले नाही. पण जुन्या कंपाउंडरला जे कळत होते ते त्याच्याबरोबरच गेले, ही त्या शाळेची मर्यादाही मान्य व्हायला हवी. चाळीस वर्षांत ‘गॅस’ म्हणत आलेले किती जण हृदयविकाराचे निघाले, त्यांनी आणखी काय-काय म्हटले होते, याची एक वही त्या दवाखान्यात असती, तर तीच आज पहिले पाठ्यपुस्तक झाली असती.

या मुद्द्यावर डॉक्टरांचा पक्ष सरस ठरतो, असे प्रस्तुत लेखाचे मत आहे. चरकाने ‘उपचारज्ञता’ आणि ‘दाक्ष्य’ हे गुण वेगवेगळे सांगितले, याचे मर्मही येथेच असावे. एक सांगून येतो, दुसरा सहवासाने येतो, आणि पहिला आहे म्हणून दुसरा आपोआप येईल असे मानण्याची चूक आजची प्रशिक्षणकेंद्रे करतात. उलट दिशेची चूक कोणती, हे पाहण्यासाठी डॉक्टरांनीच दिलेले पुढील उदाहरण उपयोगी पडते, जरी त्यांनी ते वेगळ्या हेतूने दिले होते.

डॉक्टर : प्रमाणपत्राविना काय होऊ शकते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले, तेव्हा गावोगावच्या ज्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले, त्यांतील बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यांतील जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केले. त्या नवजात बाळाच्या जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून त्याला घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देत. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्या बायकांपाशी कोणत्या परिषदेची नोंदणी होती?

बाई : नोंदणी नव्हती, पण त्यांच्याइतके काटेकोर प्रशिक्षण महाराष्ट्रातील किती परिचारिकांना मिळाले असेल याची शंका आहे. त्यांना सगळे वैद्यक शिकवले नाही. मोजकी कामे शिकवली, ती पुन्हा पुन्हा करून घेतली, कोणती लक्षणे दिसली तर इंजेक्शन द्यायचे आणि कोणती दिसली तर बाळाला रुग्णालयात पाठवायचे याची यादी दिली, प्रत्येक बाळाची नोंद ठेवायला लावली, आणि त्या नोंदी नियमितपणे तपासल्या. जामखेडच्या बायकाही आठवड्याच्या आठवड्याला केंद्रावर येऊन पुन्हा शिकत. डॉक्टर, हे उदाहरण शाळेविरुद्धचे नाही, ते उत्तम शाळेचे आहे. त्या शाळेने फक्त कागद दिला नाही. दवाखान्यातील कंपाउंडरला काम मिळाले, यादी मिळाली नाही, आणि त्याच्या नोंदी कोणी तपासल्या नाहीत.

डॉक्टर : मग कागद नाही दिला तरी चालतो, एवढे तर बाईंनीच मान्य केले.

बाई : रुग्णाच्या दृष्टीने चालतो. मुलीच्या दृष्टीने चालत नाही. दहा वर्षे एका दवाखान्यात काम केलेली मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेली, की तिचे सगळे शिक्षण जुन्या डॉक्टरच्या डोक्यात राहते आणि ती नव्या गावात पुन्हा झाडलोटीपासून सुरुवात करते. पगार वाढवून मागायचा तर तिच्यापाशी दाखवायला काही नसते. ‘मुलगी घरच्यासारखी आहे’ असे डॉक्टर कौतुकाने म्हणतात, आणि घरच्या माणसाला पगार वाढवून द्यायचा नसतो. चरकाने ‘भर्त्याविषयी अनुराग’ म्हटले, त्याचा अर्थ दवाखान्यांनी सोयीने लावला आहे. भर्ता म्हणजे पोसणारा, म्हणून मालक, म्हणून डॉक्टर. पण ज्याची शुश्रूषा करायची त्याच्याविषयी अनुराग, असा अर्थ घेतला तर सहायकाची निष्ठा रुग्णाकडे जाते, आणि मग कधी ना कधी तिला डॉक्टरला ‘थांबा’ म्हणावे लागते.

डॉक्टर : सहायकाने डॉक्टरला थांबवायचे?

बाई : ॲलर्जी लिहिलेला केसपेपर हातात तिच्याच असतो.

शौच या चौथ्या गुणाविषयी दोघांत फारसा मतभेद नव्हता, आणि म्हणून त्यावर बोलणेही थोडक्यात झाले. तथापि तो भाग वगळता येण्यासारखा नाही. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा चढवताना ती बोटात घुसण्याचा धोका मोठा असतो, आणि बाधित रक्ताच्या अशा एका टोचणीतून हेपॅटायटिस-बीचा संसर्ग लस न घेतलेल्या माणसाला होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत, हेपॅटायटिस-सीची सुमारे २ ते ३ टक्के आणि एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के मानली जाते. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत आणि काच निळ्या खुणेच्या डब्यात टाकायला सांगितले आहे. हे रंग मुलींना पाठ असतात. हेपॅटायटिस-बीच्या लसीचे ३ डोस (पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा) मात्र कित्येकींनी घेतलेले नसतात, कारण प्रशिक्षणकेंद्राला वाटते ते दवाखान्याने द्यावेत आणि दवाखान्याला वाटते ते प्रशिक्षणकेंद्राने दिले असतील. डॉक्टरांनी या ठिकाणी प्रामाणिकपणे कबूल केले की दवाखान्यातील मावशींना कधी हे विचारलेच गेले नाही.

तडजोडीचा एक मार्ग शासनाच्या योजनांत आधीपासून आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ नावाचा भाग आहे, ज्यात काम करून शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन, उणे असेल तेवढे शिकवून, त्याला प्रमाणपत्र देतात. १९४८च्या कायद्याने एकदाच उघडलेले दार येथे वेगळ्या रूपाने पुन्हा उघडलेले दिसते. डॉक्टरांना हा मार्ग पटला, फक्त परीक्षेच्या दिवशी दवाखाना कोण सांभाळणार, ही त्यांची अडचण होती. बाईंना तो अर्धाच पटला, कारण परीक्षक इंग्रजी कागद घेऊन येतो आणि प्रश्नाचे उत्तर करून दाखवण्याऐवजी सांगायला लावतो. दंडाचा घेर टेपने मोजून दाखव असे म्हटले की मुलगी मोजते, ‘कफ सिलेक्शन’वर बोल म्हटले की गप्प बसते.

डॉक्टर : दंडाचा घेर कशासाठी मोजायचा?

बाई : पट्टा निवडण्यासाठी. त्यातील फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के लांब आणि ४० टक्के रुंद हवी. साधा पट्टा सुमारे २७ ते ३४ सेंटिमीटर घेरासाठी असतो. त्याहून जाड दंडाला तोच बांधला तर दाब खोटा जास्त दिसतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एका अभ्यासात, जो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, ज्यांना मोठा पट्टा लागतो त्यांच्यात साध्या पट्ट्याने वरचा दाब सरासरी सुमारे ५ मिलिमीटरने, आणि ज्यांना अतिमोठा लागतो त्यांच्यात सुमारे २० मिलिमीटरने जास्त दिसला. एवढ्या फरकावर माणसाला जन्माची गोळी लागते.

डॉक्टर : दवाखान्यात पट्टा एकच आहे. उपकरणाच्या डब्यात आला तो.

बाई : किती वर्षे?

डॉक्टरांनी वर्षे सांगितली नाहीत. गेल्या पावसाळ्यात कामाला लागलेली, कौशल्यकेंद्रातून आलेली मुलगी पहिल्याच आठवड्यात ‘सर, हा पट्टा या काकूंना लहान पडतोय’ असे म्हणाली होती, आणि ‘चालतंय, लिही’ असे तिला सांगण्यात आले होते, एवढेच त्यांनी सांगितले.

बाई : आणि तिने लिहिले?

डॉक्टर : लिहिले. १६०/१००.